ताईकडे बघ

पडद्यावर आकडा उमटला आणि मांडवी मगदूमनं स्टुलावरून अशी उडी मारली की शेजारच्या ट्रेमधल्या काचनळ्या खणखणल्या.

"एक पूर्णांक दोन! मॅडम, एक पूर्णांक दोन! गेल्या दिवाळीत साडेचार होता!"

"खाली बस," डॉ. ऊर्मिला घोरपडे म्हणाल्या. "धमन्या तुझ्या असतील, नळ्या माझ्या आहेत."

मांडवी बसली, पण बसल्या बसल्या स्टूल गरागरा फिरवत राहिली. मिरजेच्या वाहिनीदाह संशोधन केंद्रातली ही प्रयोगशाळा तिला आता घरासारखी झाली होती. खिडकीतून जंक्शनचे रूळ दिसत, आणि इथली पांढरी यंत्रं शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलींसारखी सदान्‌कदा गुणगुणत असत. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या आरोग्यतपासणीत नर्सबाईंनी तिच्या डाव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, तेव्हा यंत्रानं काहीच दाखवलं नाही. बाईंनी यंत्र बदललं. मग तेही बदललं. तिसरं यंत्र आणेपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नाही की यंत्र ठणठणीत आहे, बिघडलीय ती मुलगी.

आज मात्र मुलगी भलत्याच रंगात होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती स्वतःवरच प्रकल्प मांडणार होती. दुसऱ्या कुणाकडे असला विषय होता सांगा! तिनं फोन काढून पुढे धरला. "हं, बोला आता. आमच्या कांबळे सरांनासुद्धा कळेल असं सोपं सांगायचं."

घोरपडे मॅडमनी चष्मा सारखा केला. "निर्नाडी रोगात शरीराची स्वतःचीच फौज मोठ्या धमन्यांच्या भिंतींवर तुटून पडते. भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते. मग मनगटाला नाडीच लागत नाही. तुझ्या डाव्या हाताला लागत नाही, तशी. खरी पंचाईत वेगळीच आहे. आत आग पेटलीय की विझलीय, हे बाहेरून कळत नाही. रक्ताच्या जुन्या तपासण्या खोटं बोलतात. आकडा गोजिरवाणा असतो आणि धमनी जळत असते. नाहीतर आकडा भयंकर येतो आणि बाईला नुसती सर्दी झालेली असते."

"म्हणून आम्ही दाहखूण मोजतो," यासीन सतारमेकर मागून म्हणाला. घराण्यानं चार पिढ्या सतारी बनवल्या, यासीनदादा यंत्रं बनवायचा. "सुजलेली भिंत एक प्रथिन रक्तात सोडते. ते प्रथिन म्हणजे दाहखूण. पण ती माणसागणिक वेगळी. तुझ्या रक्तात वीस म्हणजे वणवा असेल, माझ्या रक्तात वीस म्हणजे दुपारची झोप."

"म्हणून ताई!" मांडवी ओरडली.

"म्हणून ताई. सख्खी, धडधाकट बहीण. एकच रक्त, एकच घर, एकच पाणी, एकाच आईच्या हातची आमटी. तिला आम्ही म्हणतो प्रमाण. तुझी दाहखूण वर, प्रमाणाची खाली, आणि भागाकार. ते दाहगुणोत्तर. दोघी पावसात भिजलात, दोघींना ताप आला, तर दोघींचे आकडे चढतील, गुणोत्तर जागचं हलणार नाही. ते एकवर आलं की तू ताईइतकी बरी."

ताईइतकी! मांडवीच्या अंगावर काटा आला, गोड काटा. तिच्या घरात जगाची सगळी वजनमापं ताईमध्ये होती. ताईकडे बघ, कशी पाठ ताठ ठेवते. ताईकडे बघ, ताटात शीत टाकत नाही. आणि आता विज्ञानसुद्धा तेच म्हणत होतं.

"औषध किती द्यायचं तेही यावरूनच," मॅडम म्हणाल्या. "शामक फार नाजूक औषध आहे. थेंबभर जास्त झालं तर साध्या पडशानं माणूस जाईल, थेंबभर कमी पडलं तर धमनी बुजेल. घरची औषधपेटी रोज सकाळी दोघींची कंकणं वाचते आणि गुणोत्तराप्रमाणे थेंब देते. आणि यात एक नियम मोडायचा नाही. प्रमाणाला दाहावरचं कुठलंही औषध चालत नाही. दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा नाही. खालचा आकडा खोटा झाला की सगळंच खोटं."

"आणि ताईलाच काही झालं तर? मोजपट्टीला कोण मोजतं?"

यासीन हसला. "मोजपट्टी मोजायला आणखी एक मोजपट्टी लागेल, मग तिला आणखी एक. कुठंतरी थांबावंच लागतं. आम्ही तुझ्या ताईपाशी थांबलो."

"दोघी सख्ख्या बहिणींना हा रोग होणं लाखात एक," मॅडम म्हणाल्या.

"आणि दोघींचे आकडे वेगवेगळे का नाही दाखवत?"

"दाखवत होतो," मॅडम म्हणाल्या. "लोक कच्चा आकडा बघून घाबरायचे, रडायचे, उगाच फोन करायचे. मीच बंद करायला लावलं. एकच आकडा, एकच निरोप."

मांडवीनं फोन बंद केला. प्रकल्प झकास होणार होता.

आता कंकणांचं सांगायला हवं. ती रबरासारखी मऊ, आतून केसाएवढ्या सुया असलेली बांगडी. मांडवीचं निळं, ताईचं हिरवं. पण मगदुमांच्या पोरी दोरीच्या मल्लखांबावरच्या, आणि दोरीवर अंगावर काही चालत नाही. तालमीत सराव सुरू झाला की कंकणं बिस्किटाच्या एका जुन्या डब्यात जायची. मांडवीला रोगामुळे दोरी बंद होती, तरी जमिनीवरचा व्यायाम चालायचाच. सराव संपला की जिच्या हाताला जे लागेल ते ती चढवायची. बहिणी बांगड्या कधी आपापल्या घालतात का? पहिल्याच महिन्यात पेटीनं ताईला रुग्ण समजून शामक टोचलं आणि मांडवीला म्हणाली, "आपण निरोगी आहात." दोघी पोट धरधरून हसल्या. यासीनदादा नाही हसला. शेकडो जोड्यांत हाच घोळ होता. मग त्यानं युक्ती केली. रुग्णाचा आकडा प्रमाणाच्या खाली गेला आणि आठवडाभर खालीच राहिला, तर यंत्रानं समजायचं की कंकणं बदलली गेलीत, आणि आपणहून नावं उलटी करायची. रक्तावरून यंत्राला बहिणी वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. तितक्या सारख्या होत्या म्हणूनच तर त्यांची जोडी लावली होती.

वसंतात गुणोत्तर एकवर आलं. पेटी आपल्या सभ्य आवाजात म्हणाली, "गुणोत्तर समान. आज किमान मात्रा." आईनं गल्लीभर पेढे वाटले आणि घोरपडे मॅडमनी दोरीला परवानगी दिली.

आई म्हणजे तालमीतल्या बाई. पंचवीस वर्षं दोरी धरून तिच्या बोटांना असे घट्टे पडले होते की गरम तवा ती चिमट्याशिवाय उचलायची. तिच्या हाताखालून कितीतरी पोरी राज्याच्या संघात गेल्या, आणि सगळ्यांत लखलखीत तिची स्वतःची शरयू. अठरा वर्षांची, वेतासारखी. ती दोरीवर चढली की दोरी तिच्या मागं मागं येते असं वाटायचं. "माझी शरयू म्हणजे लाखात एक," आई सांगायची, समोर मांडवी उभी असली तरी.

यंदा तालमीतून एकीलाच राज्यसंघासाठी पाठवायचं होतं. निवड चाचणी रविवारी. दोन वर्षं भिंतीला टेकून बघत बसलेल्या मांडवीनं पायाच्या अंगठ्यात दोरी धरली ती सोडलीच नाही. डावा हात अजून लवकर थकायचा, म्हणून तिनं पायांची पकड अशी कमावली की मोठ्या पोरी तोंडात बोट घालून बघायच्या. तोंडही आता भलतंच सुटलं होतं.

"ताई, म्हातारे, उतर खाली! दोरीला गंज चढेल!"

"खा, मनातले मांडे खा, मांडे," ताई वरून म्हणायची, पण अलीकडे तिला धाप लागायची. हात वर धरले की दंड भरून यायचे. डोकं ठणकायचं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. एकदा तिनं देव्हाऱ्याखालच्या डब्यातून गोळी काढली, तर आईनं ती हातातून घेतली.

"वेडी का खुळी? प्रमाण आहेस ना तू? धाकटीचा सगळा हिशेब तुझ्यावर उभा आहे. हळद-दूध घे आणि पड."

ताई हळद-दूध प्यायली आणि पडली. ताई नेहमी सांगितलेलं ऐकायची.

मग तो सोमवार आला. सकाळी पेटी म्हणाली, "गुणोत्तर शून्य पूर्णांक नऊ." मांडवी शाळेत गेली ती जमिनीपासून वीतभर वरून. ताईइतकी नाही, ताईपेक्षा बरी! संध्याकाळी सराव झाला, आणि ताई डब्यापाशी बसून बोटं चोळत राहिली.

"मांडे, जरा चढव गं माझं कंकण. बोटं आखडलीत."

मांडवीनं हिरवं कंकण तिच्या हातात सरकवलं, नीट बसवलं. आणि मग तिची बोटं, दोन वर्षांची सवय, आपोआप मनगटाच्या अंगठ्याकडच्या खाचेत गेली. नाडी नव्हती.

तिनं जरा खाली दाबलं. जरा वर. दुसरा हात घेतला. तिथं काहीतरी होतं, पण कसं? दूरच्या देवळात कुणी टाळ वाजवावा आणि वारा उलटा असावा, तसं.

"काय झालं गं?" ताईनं विचारलं.

मांडवी गणितात हुशार होती. साध्या अपूर्णांकाला किती वेळ लागतो? वरचा आकडा खाली आला तर उत्तर लहान होतं. आणि खालचा वर गेला तरी उत्तर लहानच होतं. शाळेत चौथीत शिकवतात हे. पेढे वाटले, दोरी मिळाली, औषध कमी झालं, ते सगळं कदाचित तिच्या बरं होण्यामुळे नव्हतंच. ते ताईच्या आजारी पडण्यामुळे होतं. तिनं तोंड उघडलं. आता सांगायचं. सांगितलं की सगळं कोसळणार. गुणोत्तराचा तो एक खोटा ठरेल, दोरी जाईल, रविवार जाईल, पुन्हा भिंतीला टेकून बसणं.

तेवढ्यात आई आली. तिनं ताईकडे पाहिलं, ओठ आवळले आणि म्हणाली, "काय अवस्था करून घेतलीस शरयू? सगळा सराव ढिसाळ. जरा मांडवीकडे बघ. दोन वर्षं आजारी होती पोर, पण पकड बघ तिची. शिक काहीतरी."

मांडवीकडे बघ.

पंधरा वर्षं मांडवी या दोन शब्दांची वाट बघत होती. दिवाळी वाटावी, वाढदिवस वाटावा, सगळं एकदम. तिनं ताईचं मनगट खाली ठेवलं.

"काही नाही," ती म्हणाली. "बरोबर बसलंय कंकण."

रविवारपर्यंतच तर, तिनं स्वतःला सांगितलं. रविवारी संध्याकाळी सांगायचं. एका आठवड्यानं काय आभाळ कोसळतं?

रविवारी सकाळी ताईनं हात पुढे केला आणि पेटी म्हणाली, "नमस्कार मांडवी. आज आपल्याला शामकाची पूर्ण मात्रा." मग मांडवीला, "नमस्कार शरयू. आपण निरोगी आहात. आपल्याला औषध नाही."

"घातलात ना घोळ पुन्हा!" आई चिडली. "किती वेळा सांगितलं, आपापली बांगडी आपापल्या हातात! चाचणीच्या दिवशीच नेमकी!"

ताईनं हिरवं कंकण उलटसुलट करून पाहिलं. "अदलाबदल नाही झाली, आई. कालही मांडवीनंच चढवलं होतं. होय ना गं?"

"मला नाही आठवत," मांडवी म्हणाली. आईनं दोघींची कंकणं काढून एकमेकींच्या हातात घातली आणि प्रश्न मिटवला.

तालमीत पोरी भिंतीला ओळीनं उभ्या होत्या. ताईचं नाव पहिलं. ती चढली, आणि खोटं कशाला बोलावं, पहिल्या तीन पकडींत ती जुनी ताई होती. वर जाऊन तिनं पद्मासन बांधलं, मान मागं टाकली आणि छताकडे बघत हात सोडले. दोरी धरायला ते परत आलेच नाहीत. शिवण उसवलेल्या बाहीसारखे दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. मग पाय सुटले.

गादीवर पडल्याचा आवाज फारसा मोठा नव्हता. त्यानंतर ताई म्हणाली तो मात्र सगळ्यांना ऐकू आला. "आई, लाईट कुणी घालवली?"

मांडवी भिंतीशीच उभी होती. पुढचं नाव तिचं होतं. तिच्या अंगठ्यात दोरी धरायची खाच आधीच वळलेली होती.

केंद्रात चित्रतपासणी झाली. मानेकडे जाणारी डावी धमनी दोऱ्यासारखी बारीक झाली होती. उजव्या डोळ्याची नजर संध्याकाळपर्यंत परतली, डाव्याची नाही. घोरपडे मॅडमनी यासीनला एवढंच सांगितलं, "कच्चे आकडे उघड."

भिंतीवर दोन रेषा आल्या. निळी आणि हिरवी.

"सुरुवातीला मांडवी पंचेचाळीस, शरयू दहा," यासीन वाचू लागला. "मग मांडवी तीसवर आली. तिथं औषध लागू पडत होतं. पण तेव्हाच शरयू चढायला लागली. पंधरा, वीस, पंचवीस. पेटीला वाटलं मांडवी झपाट्यानं बरी होतेय. पेटीनं मांडवीची मात्रा कापली. शरयू तीसवर गेली तेव्हा गुणोत्तर एक आलं."

"त्या दिवशी आम्ही पेढे वाटले," आई म्हणाली.

"आज मांडवी चाळीस. शरयू पन्नास. एकाच्या खाली. मी... यंत्र समजलं की बांगड्या बदलल्या गेल्या. त्यानं नावं उलटवली."

मॅडम मांडवीकडे वळल्या. त्या क्रूर नव्हत्या, फक्त अचूक होत्या. "तू कधी बरी झालीच नव्हतीस, बाळ."

"मग दोघींना द्या औषध!" आई म्हणाली. "आता कळलं ना? द्या दोघींना!"

"किती देऊ?" मॅडमनी विचारलं. "शामकाची मात्रा प्रमाणाशिवाय ठरत नाही. दोघींना दिलं तर खालचा आकडा कुणाचा? अंदाजानं दिलं तर दोघींपैकी एक पडशानं जाईल, नाहीतर दोघींच्या धमन्या बुजतील. मागे तसं करून बघितलंय आम्ही. ते रुग्ण आता नाहीत. जुनी औषधं मांडवीला लागली नव्हती, आणि शरयूचं रक्त तेच आहे. मावसबहिणी चालत नाहीत, घर वेगळं, पाणी वेगळं. तिसरी मुलगी नाही तुम्हाला."

आईनं हात पदरात गुंडाळले. जणू तिसरी मुलगी नसणं हा तिचा गुन्हा होता.

"म्हणजे एकीनं बिनऔषधाचं राहायचं," यासीन म्हणाला.

"जिचा दाह कमी, तिनं. तिचा आकडा ठाऊक असला की कमी-जास्त धरून गणित करता येतं. आत्ता ती मांडवी. काटा उलटला की पाळी बदलायची. यंत्र हे आपोआप करतंच आहे."

"माझी पाळी कधी येईल?" मांडवीनं विचारलं.

"तुझा आकडा हिच्या वर जाईल तेव्हा."

मांडवीनं काचेपलीकडे पाहिलं. पलंगावर ताई होती, एका डोळ्यावर पट्टी, हाताला नळी. तिला औषध मिळत होतं. ती बरी होत जाईल, मांडवी खंगत जाईल, रेषा एकमेकींना छेदतील, मग उलट. विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या असाव्यात तसं. एक वर यायची तर दुसरीनं खाली जायचंच.

"एक धोका आहे," मॅडम म्हणाल्या. "यंत्र आठवडाभर थांबून पाळी बदलतं. तेवढ्यात एखादी धमनी पूर्ण बुजू शकते. एखादीची नाडी हरवली तर मला त्याच क्षणी कळायला हवं. मग मी हातानं पाळी बदलीन."

"कंकणात नाडी मोजायची सोय नाही का?" आईनं विचारलं.

यासीननं मान खाली घातली. "होती. निर्नाडीचेच रुग्ण ते. कंकण सारखं बोंब मारायचं. आम्ही काढून टाकली. परत बसवायला पावसाळा उलटेल."

आईनं स्वतःची बोटं पाहिली. त्या घट्ट्यांना पोरींचा ताप कळायचा नाही, नाडी कुठली कळणार? आणि मांडवीला स्वतःची उजवी नाडी बघायची म्हणजे डाव्या बोटांनी बघायची, जी आधीच बधिर.

मॅडमच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी मऊ आलं. "दोघींनी रोज एकमेकींची नाडी बघायची. सकाळी, पेटीच्या आधी. मी यंत्रावर फार विसंबले. कंकण फसतं, बहीण फसत नाही."

मांडवीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

त्या संध्याकाळी आई चहा आणायला गेली तेव्हा ताईनं तिला जवळ बोलावलं. आवाज शांत होता, नेहमीचा, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलीचा.

"त्या सोमवारी तू कंकण चढवलंस ना, तेव्हा तुझी बोटं माझ्या नाडीवर थांबली होती. दोनदा दाबलंस. मग दुसरा हात घेतलास."

मांडवी पलंगावरची चादर सारखी करू लागली.

"मला वाटलं, माया आलीय पोरीला," ताई म्हणाली, आणि भिंतीकडे वळून झोपली.

तिनं आईला सांगितलं नाही. मांडवी रोज वाट बघायची की आज सांगेल. ताईनं सांगितलं नाही, टोमणा मारला नाही, पट्टी सुटल्यावर आरशात पाहून रडलीसुद्धा नाही. घरी आल्यावर ती रोज सकाळी मांडवीसमोर मनगट धरायची. मांडवी बोटं ठेवायची आणि खरं ते सांगायची. "मंद आहे." "आज जरा बरी." "ताई, आज छान लागतेय गं!" मग मांडवी उजवा हात पुढे करायची आणि ताई म्हणायची, "आहे." गोष्ट इथंच संपायला हवी होती, दोघी शहाण्या झाल्या असं म्हणून.

पण औषध लागू पडलं. ताईच्या गालांवर रंग आला, दंड वर जाऊ लागले. आईनं दोरीला नवं तेल लावून ठेवलं, काही न बोलता. आणि मांडवीला जिना चढताना मधेच बसावं लागू लागलं.

त्या सकाळी जाग आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं गार होती. रात्री हात अंगाखाली आला असेल, तिनं म्हटलं. डाव्या बोटांनी मनगट चाचपलं, पण ती बोटं म्हणजे हातमोज्यात घातलेली दुसऱ्याच कुणाची तरी. ती स्वयंपाकघरात आली. पेटी ओट्याशेजारी होती, आई चहा गाळत होती, ताई पाटावर ताठ पाठीनं बसली होती.

आधी ताईची नाडी. टपटप, पन्हाळीतल्या पावसासारखी. "छान आहे," मांडवी म्हणाली.

मग तिनं उजवा हात पुढे केला. ताईची दोन बोटं खाचेत टेकली. ताईनं जरा खाली दाबलं. जरा वर.

आणि ताईचा चेहरा थांबला.

मांडवीला तो चेहरा ओळखू आला. तिनं तो कधी पाहिला नव्हता, कारण त्या वेळी तो तिचा स्वतःचा होता. मनातल्या मनात भागाकार करणाऱ्या मुलीचा चेहरा. आता सांगितलं तर पाळी बदलणार, औषध जाणार, दोरी जाणार, हा एक डोळाही कदाचित जाणार. एक आठवडा. यंत्राला कळेपर्यंत एकच आठवडा.

"आहे का गं?" आईनं गाळणं आपटत विचारलं.

मांडवीला ओरडायचं होतं. आई, नाडी गेलीय, ताई खोटं बोलणार आहे, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पण ते चेहऱ्यावरून कसं ओळखलं, हेही मग सांगावं लागलं असतं. त्या सोमवारपासून सगळं, आईसमोर. तिनं हात तसाच पुढे धरून ठेवला.

"आहे की," ताई म्हणाली. "अगदी छान."

आईनं सुटकेचा श्वास टाकला, कप पुढे ठेवला आणि ताईच्या केसांवरून आपला खरखरीत हात फिरवला. "देव पावला. आता हिंमत धर, शरयू. मांडवीकडे बघ, बिनऔषधाची कशी खणखणीत आहे पोर. तूही होशील तशी. बघ जरा तिच्याकडे."

ताईनं मनगट सोडलं नाही. एका डोळ्यानं ती मांडवीकडे पाहत राहिली.

"तिच्याकडेच बघतेय, आई," ती म्हणाली.